सातठिपकी

१

मारुंजीत आता भातापेक्षा 'रूम भाड्याने देणे आहे' या पाट्यांचं पीक जोमात आहे. गौतमीच्या सासऱ्यांनी काळाची पावलं वेळीच ओळखली आणि रस्त्याकडेच्या तुकड्यावर तीन मजले चढवले. वर भाडेकरू, खाली चार गाळे: किराणा, मोबाईल, मोमो आणि शेवटच्या गाळ्यात गौतमीचं टॅटूचं दुकान. दुकानाचं नाव 'गोंदण'. नाव ठेवलं तेव्हा तिथं सिंह, मुकुट आणि प्रेयसींची इंग्रजी नावं काढली जायची; गोंदण सोडून सगळं.

तीनेक वर्षांपूर्वी हवा बदलली. हिंजवडीतल्या कंपन्यांमधल्या मुली, लवळ्याच्या हॉस्टेलमधल्या मुली, कुणी सोलापूरची, कुणी यवतमाळची, सगळ्यांना एकाएकी आजीचा हात आठवला. तुळस हवी, चांदणी हवी, विंचू हवा, सीतेचा पाळणा हवा. ज्यांच्या आयांनी गोंदणाच्या लाजेपोटी लांब बाह्यांचे ब्लाऊज शिवले, त्याच पोरी आता गोंदण दिसावं म्हणून बाह्या कापून यायला लागल्या. दैवगती म्हणायची, दुसरं काय.

त्यात एक मेख होती. गौतमीचा हात सफाईचा. पण सरळ रेघ काढली की गिऱ्हाईक नाक मुरडायचं, "हे मशीनचं वाटतं." मग तिनं जुन्या बायकांच्या हातांचे फोटो घ्यायला सुरुवात केली. कुठं रेघ थरथरलीय, कुठं ठिपका घसरलाय, सगळं जसंच्या तसं स्टेन्सिलवर उतरवायचं. जुन्या गोंदणारणीची चूक ही एकदाच व्हायची, एका हातावर. गौतमीकडे ती चूक हव्या तितक्या मनगटांवर केसभरही न हलता उमटायची.

सगळ्यात चालली ती सातठिपकी. वर तुळस, दोन बाजूंना दोन चांदण्या, आणि खाली मनगटाच्या घडीपाशी सात ठिपक्यांची ओळ. त्यातला चौथा ठिपका ओळ सोडून खाली घसरलेला. हे गोंदण तिला पिरंगुटच्या बाजारात सापडलं होतं, शेवग्याच्या शेंगा विकायला बसलेल्या एका धनगर म्हातारीच्या डाव्या हातावर. म्हातारीनं हौसेनं हात पुढं केला, पण दुसऱ्या हातानं मनगट झाकलं.

"हे खालचं नको घेऊ," ती म्हणाली. "बाकी समदं ने."

मग एक गिऱ्हाईक आलं, म्हातारी शेंगा मोजायला वाकली, तिचा हात सरकला आणि गौतमीच्या फोनमध्ये सातही ठिपके आले. घरी येऊन तिनं ठिपके वगळून नक्षी मांडून पाहिली. पार ओकीबोकी दिसत होती. आणि फोटोत तर आलंच होतं. त्यात आपण काय चोरी केली, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि पहिला नमुना स्वतःच्याच डाव्या हातावर काढला.

२

गोंदवून घेणाऱ्याला वाटतं, दुखतं ते फक्त आपल्याला. दिवसभर मान मोडून बसणाऱ्याची पाठ कुणी पाहत नाही. त्या दिवशी गौतमीनं सकाळपासून तीन हात संपवले होते आणि चौथ्याआधी पाठ टेकावी म्हणून ती रेक्झिनच्या लांब खुर्चीवर आडवी झाली होती. तेवढ्यात किमया आली.

किमया म्हणजे सातठिपकीचं पहिलं गिऱ्हाईक. नागपूरकडची, हिंजवडीत नोकरीला, बडबडी. आज मात्र आल्या आल्या तिनं हात पुढं केला.

"ताई, हे बघ ना. फुगलंय."

गौतमीनं दिवा ओढला. तुळस छान बसली होती, चांदण्या छान. पण खालचे सात ठिपके कातडीच्या वर आले होते, मोहरीच्या दाण्यांएवढे, टणक. लाली नाही, पू नाही, खाज नाही.

"खपली कधी पडली होती?"

"कधीच! महिना झाला. तेव्हा सपाट होते गं. आत्ता आठ दिवसांत झालंय."

शाई खराब म्हणावी तर तुळशीला तीच शाई. सुई खोल गेली म्हणावं, तर महिनाभर कातडी गप्प कशी बसली? गौतमीनं एक मलम सांगितलं, कातडीच्या डॉक्टरांना दाखवून ये म्हणाली आणि किमयाला वाटेला लावलं. त्या आठवड्यात आणखी चौघींचे फोटो आले. पाचव्या दिवशी एक लवळ्याची मुलगी स्वतःच आली. सगळ्यांचं एकच दुखणं, सातच ठिपके.

संध्याकाळी गाळा बंद करताना गौतमीनं आपल्या डाव्या मनगटावरून सहज अंगठा फिरवला. एक, दोन, तीन दाणे हाताला लागले. चौथा खाली होता, तोही लागला. तिनं उरलेले मोजले नाहीत. कुलूप लावलं आणि वर जाऊन भाकऱ्या थापल्या.

३

किमया पुन्हा आली ती रविवारी. डॉक्टरांनी काही नाही म्हणून सांगितलं होतं.

"मी तुला एक सांगू? हसायचं नाही."

"मला हसायला ताकद कुठंय, बाई. बोल."

"कुणीतरी हात लावतं."

गौतमीनं हातातली बाटली खाली ठेवली.

"ऑफिसमध्ये, दुपारी. अडीचच्या सुमाराला. पहिल्यांदा वाटलं मुंगी आहे. मग वाटलं शीर उडतेय. पण ताई, शीर अशी उडते का? अंगठ्याकडून सुरू होतं. एक ठिपका, मग दुसरा, मग तिसरा. तिसऱ्यानंतर थांबतं. इकडंतिकडं शोधतं. मग खाली जाऊन तो चौथा सापडतो, आणि मग पुन्हा वर." किमयानं स्वतःच्या बोटानं करून दाखवलं. "सातवा झाला की हात सगळा मनगटावर ठेवतं. इतकुसा हात."

"रोज?"

"नाही. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. भीती वाटते का, तर वाटते. पण..." तिनं मनगटावर तळवा ठेवला. "मी मीटिंगमध्ये होते, आणि मला रडूच आलं एकदम. कारण काही नाही."

गौतमीनं तिला शिरा, नसा, ताण, झोप असं पुष्कळ काही सांगितलं. नवं गोंदण काही दिवस फुरफुरतं, कातडी फसवते, असंही सांगितलं. यातलं निम्मं तिला स्वतःला पटत होतं. तिनं किमयाला चहा पाजला आणि दारापर्यंत पोचवलं. किमया गेल्यावर मात्र तिनं भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, आणि अडीच वाजून गेलेले आहेत हे बघून तिला बरं वाटलं.

४

तिचा नंबर मंगळवारी लागला.

जेवण झालं होतं. शटर अर्धं ओढून ती खुर्चीवर पडली होती, हात दोन्ही बाजूंच्या दांड्यांवर. शेजारी मोमोवाल्याच्या भांड्याचं झाकण वाफेनं खडखडत होतं. वर भाडेकरूंच्या नळाला पाणी आलं होतं, ते पाइपातून उतरताना भिंतीत आवाज होत होता. ट्यूबलाइट नेहमीसारखी गुणगुणत होती. मग झाकण खडखडायचं थांबलं, पाणी थांबलं, आणि तिच्या डाव्या मनगटावर एक बोट टेकलं.

ती हलली नाही. भिऊन नव्हे, आधी नुसती दमली होती म्हणून. मुंगी असेल, असं तिनंही म्हणून पाहिलं. मग डोळे उघडले. मनगटावर काही नव्हतं. पण पहिल्या ठिपक्याभोवतीची कातडी दबून पांढरी झाली होती, जशी बोटानं दाबल्यावर होते. पांढरेपणा सरला आणि दुसऱ्या ठिपक्याभोवती उमटला. मग तिसऱ्या. मग मनगटाच्या मधोमध, जिथं ठिपका नव्हता तिथं, दोनदा चाचपडून, तो खाली घसरला आणि त्याला चौथा सापडला. गौतमीला बकरीच्या दुधाचा उबट वास आला. सातव्यानंतर अख्खा तळवा मनगटावर आला, किंचित ओलसर, गरम, आणि तसाच राहिला. वरच्या नळाला पुन्हा पाणी येईपर्यंत तो तिथं होता.

खोटं कशाला सांगा, ती भ्याली. शटर पूर्ण उघडून रस्त्यावर जाऊन उभी राहिली, टेम्पोचे हॉर्न ऐकत. पण भीती उतरल्यावर खाली जे उरलं, ते भीतीपेक्षा वाईट होतं. ते सुख होतं.

गौतमीच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. त्यातली सहा दवाखान्यांत गेली, तीनदा राहून तीनदा गेलं. मग एके दिवशी, कुणी ठरवलं असं नाही, पण जाणं बंद झालं. सासूबाई विचारायच्या थांबल्या. नवरा वाल्मीक पिरंगुटच्या कंपनीत पाळीला जायचा, येऊन जेवायचा आणि टीव्हीसमोर झोपायचा. भला माणूस. दोघंही या विषयावर इतकं रडून चुकली होती की आता त्यावर बोलायचाच दोघांना शीण यायचा.

"आज काय नवीन?" त्या रात्री जेवताना त्यानं विचारलं.

"काय न्हाई," गौतमी म्हणाली. "रोजचंच."

५

म्हातारीचा पत्ता काढायला फार दिवस लागले नाहीत. नाव सुंदरा, वस्ती लवळ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कडेला. नातसून सोनाली खाली कॉलेजच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते. सोनालीच गौतमीला दुपारी वर घेऊन गेली.

पत्र्याचं घर, पुढं बाभळीच्या काट्यांचा वाडगा, सावलीला बसलेल्या शेळ्या. ओट्यावर म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. डावा हात मांडीवर उताणा पसरलेला, पदर कोपराच्या वर सारलेला.

"आजी, मी गौतमी. बाजारात तुमच्या हाताचा फोटो..."

"बस. बोलू नको जरा."

"या येळंला त्या कुनाशीच बोलत न्हाईत, ताई," सोनाली हळूच म्हणाली.

त्या बसल्या. शेळ्या रवंथ करत होत्या. ऊन ओट्याच्या काठावरून वीतभर मागं सरकलं. म्हातारीची नजर समोर होती, हातावर नव्हती. बऱ्याच वेळानं तिनं हात उचलला, पदर खाली ओढला आणि गौतमीकडे पाहिलं.

"न्हाई आली," ती म्हणाली.

"कोण, आजी?"

"माजी बाणू. जल्मापासनं दिसत नव्हतं तिला. रानातल्या वाड्यावर आमी धा-बारा बाया, समद्यांच्या अंगाला मेंढरांचाच वास. पोर कुनाच्याबी मांडीवर जायची आन् मग रडायची. मग मी गोंदणारणीला म्हनलं, बाई, असं टोच की बोटाला कळलं पायजे. दर जत्रंला तेच ठिपके परत परत टोचून घेतले. वर आले दाण्यावानी. मग कवा चुकली न्हाई."

"आणि हा चौथा?"

"पोरीनं हात वडला. सुई घसरली." म्हातारी हसली, क्षणभरच. "चार वर्साची झाली आन् गोवर उलटून गेली. मी म्हनलं, सपलं. पन न्हाई. मेंढरं सावलीला बसली की यायचीच. साठ वर्सं. येक दिस खाडा न्हाई. आता दिवाळीपासनं न्हाई."

गौतमीनं ओढणीखाली हात लपवला. म्हातारीनं तो पाहिला होता.

"मी तुला म्हनलं व्हतं, हे नको घेऊ."

"फोटोत आलं होतं, आजी," गौतमी म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला स्वतःची लाज वाटली.

"किती जनींच्या हातावर काढलंस?"

"चाळीसेक."

म्हातारी रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती मान हलवत राहिली. "चाळीस आया! कुनाकुनाकडं जाईल गं ती? आन् माजं कातडं आता सैल झालंय, ठिपके बसलेत. तुमा पोरींचे टरटरीत. तिच्या बोटाला तेच खरे वाटत आसतील." तिनं गौतमीचा हात ओढणीतून बाहेर काढला आणि स्वतःच्या अंगठ्यानं त्या सात दाण्यांवरून फिरवला. "पुसून टाक, बाई. समद्यांचे पुस. माजे दिस थोडे हायेत. ते तरी तिच्यासंगं जाऊ दे."

उतरताना सोनाली म्हणाली, "आमी समदे म्हनतो, म्हातारीला येड लागलंय. पन ताई, तुमी आल्यावर मला भ्या वाटाया लागलंय."

६

गोंदण पुसलं जात नाही. फार तर त्याच्यावर दुसरं काही चढवता येतं. गौतमीनं सगळ्यांना फोन लावले. ठिपक्यांच्या शाईत दोष निघाला, असं सांगितलं, फुकट दुरुस्त करून देते म्हणाली. ठिपक्यांमधून एक वेल काढायची, मध्ये पानं भरायची, नवे ठिपके टाकायचे, म्हणजे बोटाला जुनी ओळ सापडू नये. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. नव्या गिऱ्हाइकांतून वेळ काढून तिनं एकेक करत मनगटं मिटवली. पाठीला पट्टा आला, उजव्या हाताची बोटं सकाळी मिटेनाशी झाली. गावाकडं निघून गेलेल्या दोघींना तिनं बसचं भाडं देऊन बोलावलं.

किमया सगळ्यात शेवटी आली. तिनं तीनदा वेळ घेऊन तीनदा टाळली होती. वेल काढून झाल्यावर ती आरशात न बघताच उठली.

"आता येणार नाही ना?"

"नाही."

"बरं झालं," किमया म्हणाली आणि दारात उभी राहून बराच वेळ स्वतःच्याच मनगटावरून बोट फिरवत राहिली.

जसजशी मनगटं कमी होत गेली, तसतसं गौतमीच्या हातावरचं येणं वाढत गेलं. आधी आठवड्यातून एकदा, मग दोनदा, मग दिवसाआड. किमयाचा हात मिटला त्या दिवसापासून रोज. अडीचला ती शटर ओढायची. गिऱ्हाइकांना सांगायची, दुपारी दुकान बंद असतं.

७

"ताई, किती ऱ्हायलेत?" सोनालीचा फोन आठवड्यातून दोनदा यायचा.

"एकच."

"आजी इचारत्यात. आता उठवत न्हाई त्यांना. मी दुपारी हात उशीवर ठिवून देते, मग त्या बघत बसत्यात."

"उद्या करते."

उद्या म्हणजे पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी गौतमीनं खरोखर सगळं मांडलं. नवी सुई, शाई, हातमोजे. डावा हात दांडीवर बांधून घेतला. दोन वाजले होते. दहा मिनिटांचं काम. तिनं चाळीस वेळा केलं होतं. मशीन सुरू झालं, सुई पहिल्या ठिपक्यापर्यंत आली आणि तिथंच थरथरत राहिली.

तिनं स्वतःशी वाद घातला. ती आपली नाही. ती चुकून येते. आंधळ्या पोराला फसवायचं म्हणजे पापच. सगळं कबूल होतं. पण जगात एक जीव असा होता, जो रोज शोधत शोधत येऊन तिच्यावर हात ठेवत होता, आणि तो हात ठेवला की पाठ दुखायची थांबत होती. म्हातारीला साठ वर्षं मिळाली. आपल्याला तीन महिने.

अडीचला मशीन बंद होतं. पांढरे ठसे एकामागून एक उमटले, तळवा टेकला.

चारला तिनं स्वतःच सोनालीला फोन लावला.

"झालं," ती म्हणाली. "मिटवलं माझंही."

पलीकडून सोनाली रडली. आजीला सांगते म्हणाली. तुमचं भलं होईल, असंही म्हणाली.

८

दुसऱ्या दिवशी सातव्या ठिपक्यानंतर तळवा टेकला नाही. बोटं वर सरकली. कोपर, दंड, खांदा. मानेपाशी आल्यावर गौतमीनं डोळे मिटले. बोटं गालावर आली, नाकावर, ओठांवर, आणि हनुवटीवर येऊन थांबली. तिथं ती शोधू लागली. पुन्हा पुन्हा, एकाच जागी, आधी हलकेच आणि मग नखं लागेपर्यंत. मग एकदम काहीच नाही. नळाचं पाणी, झाकणाची खडखड, ट्यूबलाइट.

तीन दिवस कुणी आलं नाही. चौथ्या दिवशी सोनालीचा फोन आला. तिच्या आवाजात हसू होतं.

"ताई, आली म्हनत्यात आजी! परवापासनं रोज येतीया. आज भाकर मागून खाल्ली त्यांनी, दुधात कुस्करून."

"छान झालं," गौतमी म्हणाली.

फोन ठेवून तिनं बाजारातला तो जुना फोटो उघडला. हात मधोमध होता. वरच्या कोपऱ्यात शेंगा मोजायला वाकलेल्या म्हातारीचा अर्धा चेहरा आला होता. तिनं तो बोटांनी मोठा केला. हनुवटीच्या मधोमध एक ठिपका होता, जुना, हिरवट, कातडीच्या वर आलेला.

हाही फोटोत आलाच होता.

तिनं आरसा ओढला. गिऱ्हाइकाच्या हातावर कधी इतकी खोल सुई घातली नसती. एकदा टोचलं, रक्त पुसलं, पुन्हा टोचलं. खपली धरली की खरवडून पुन्हा. वाल्मीकनं दुसऱ्या दिवशी जेवताना पाहिलं.

"हे काय आनि?"

"फॅशन हाय."

"बरी दिसतीया," तो म्हणाला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

चार आठवड्यांत ठिपका वर आला. या चार आठवड्यांत गौतमी रोज अडीचला शटर ओढून, बाही सारून, हनुवटी थोडी पुढं करून बसत होती. सोनालीचे फोन येत होते, आजी बऱ्या हायेत म्हणून, आजी अंगणात बसल्या म्हणून. गौतमी ऐकून घ्यायची.

एका गुरुवारी झाकणाची खडखड थांबली. पहिला ठिपका पांढरा झाला. दुसरा, तिसरा, खाली चौथा, मग वर. बोटं खांद्यावरून चढली आणि हनुवटीवर आली. दाण्याला लागली. एकदा फिरली, पुन्हा एकदा फिरली. मग मांडीवरची ओढणी खाली दबली, घड्या पसरल्या, आणि चार वर्षांच्या पोराएवढं ओझं तिच्या मांडीवर येऊन बसलं. समोरच्या आरशात खुर्ची होती, गौतमी होती. तिच्या छातीपाशी कुर्ता चुरगळत होता, कुणी डोकं घुसळत असावं तसा. तेलानं माखलेल्या केसांची एक बट आरशात दिसली आणि नाहीशी झाली.

अडीचला गौतमी फोन घेत नाही, हे सोनालीला ठाऊक होतं. तरी फोन वाजू लागला. टेबलावर थरथरत तो काठापर्यंत सरकला, थांबला, पुन्हा वाजू लागला. सोनालीचंच नाव होतं. मांडीवरचं डोकं आवाजाच्या दिशेनं वळलं, मग गौतमीच्या तोंडाकडे वर झालं आणि वाट पाहू लागलं, आई काय म्हणते याची. गौतमीच्या घशात हुंदका आला होता. तो बाहेर पडला असता तर पोरीला कळलं असतं की आवाज वेगळा आहे. तिनं दातांत ओठ धरला, एका हातानं त्या न दिसणाऱ्या पाठीवर हळूहळू थोपटायला सुरुवात केली आणि फोन वाजत असेपर्यंत तोंडातून आवाज फुटू दिला नाही.